पाच नावांचा दगड

ऑगस्ट २०२३. संध्याकाळी सातच्या सुमारास ग्रामपंचायतीतून व्हॉट्सॲपवर निरोप आला : ‘सर, आपल्या गावातील शहीद जवानांची नावे पाठवा. अर्जंट आहे.’ तेव्हा ‘माझी माती, माझा देश’ ही मोहीम चालू होती. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक शिलाफलक उभारायचा आणि त्यावर गावच्या वीरांची नावं घालायची होती. मी इथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवतो. गावात कसलंही लिखाण करायचं असलं, लग्नाच्या कमानीवरचं ‘सुस्वागतम्’ असो नाहीतर दूध डेअरीची पाटी, ते फिरून माझ्याच दारात येतं. त्या वेळी मी घेवड्याच्या शेंगा निवडत बसलो होतो. निवडता निवडता तीन नावं आठवली. टाइप केली, पाठवून दिली. पलीकडून अंगठा आला.

चार दिवसांनी फलक बसला. सगळ्यांनी हातात माती धरून पंचप्रण शपथ घेतली, पंचाहत्तर रोपं लावली, पोरांना बुंदी वाटली. गर्दी पांगली तरी एक गृहस्थ फलकासमोर उभेच होते. साठीच्या पुढचे, खालच्या आळीतले. त्यांनी फलक वाचला, पुन्हा वरपासून वाचला आणि माझ्याकडे आले. राग नव्हता. खरंच विचारायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं,

“सर, आमचा दादा कंच्या लढाईत गेला हुता, ठावं हाय का तुमास्नी?”

त्यांचा थोरला भाऊ ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत, जाफन्याच्या लढाईत गेला. मी तेव्हा आठवीत होतो, याच गावात. तार आली त्या दिवशी शाळा लवकर सोडली होती आणि आम्ही पोरं ओढ्याकडे विटीदांडू खेळायला पळालो होतो. माझ्या डोक्यात त्या मरणाची एवढीच नोंद शिल्लक होती : सुट्टी. शेंगा निवडताना तीही वर आली नाही.

आदेश घाईचा होता, फलक छापणाऱ्याला गडबड होती, हे सगळं खरं. पण नावं मी पाठवली होती.

पुढचं सव्वा वर्ष मी जे केलं ते इथे लिहितो आहे. दुसऱ्या गावात कुणाला असं काम करायचं असेल तर उपयोग होईल. शोधल्यावर गावचे गेलेले तीन नव्हे, पाच निघाले. त्या पाचांपैकी एकाचंही नाव या लेखात नाही. घरच्यांना तसं विचारलेलं नाही, आणि ज्याला वाचायचं असेल त्याने गावात येऊन वाचावं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. या भागात घरटी नाही तरी आळीला चार-दोन फौजी असतातच. अपशिंगे मिलिटरी तर नावातच फौज घेऊन बसलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. आमच्याकडेही त्या काळची एक संगमरवरी पाटी चावडीच्या भिंतीत आहे. इंग्रज सरकारने अशा पाट्या गावोगाव लावल्या. मजकूर सगळीकडे एकाच साच्याचा : या गावातून इतकी माणसे १९१४-१९१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आमच्या पाटीवर ४७ आणि ६ असे आकडे आहेत. ते सहा कोण, हे आज गावात कुणालाही सांगता येत नाही. शंभर वर्षं झाली, अक्षरातलं काळं अजून शाबूत आहे. फक्त त्यात नाव नाही. इराकमध्ये बसऱ्याला जे मोठं स्मारक आहे त्यावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे पलटणवार आकडे टाकले. मराठा पलटणींची बरीच माणसं तिकडेच संपली, त्यामुळे आमच्या सहांतला एखादा त्या आकड्यात असेलही.

ही पाटी मी रोज बघत आलो होतो. खालच्या आळीच्या त्या गृहस्थांनी प्रश्न विचारल्यावर ती पहिल्यांदा नीट वाचली.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडला. लोक उत्साहात होते आणि तिथेच पहिली अडचण आली, कारण उत्साहात सगळ्यांना पुतळा हवा होता. कारगिलवाल्याचा पूर्णाकृती पुतळा, हातात रायफल, मागे डोंगर. पुतळ्याला जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी लागते, जागेची मालकी, वाहतूक, पोलिसांचा अभिप्राय, देखभालीची हमी, हे मी सांगत गेलो तसतसे लोक खाली बसत गेले. शेवटी ठराव झाला तो शिळेचा : शाळेसमोरच्या चौकात, ग्रामपंचायतीच्या मालकीच्या सहा फूट बाय आठ फूट जागेत.

ठरावात मी एक ओळ मुद्दाम घालून घेतली. शिळेवर मृतांखेरीज कुणाचंही नाव येणार नाही. उद्घाटक, प्रमुख उपस्थिती, सौजन्य, संकल्पना, काहीही नाही. आपल्याकडे कुठल्याही समाजमंदिराची कोनशिला बघा, खाली तीस नावं असतात. त्या ओळीवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. एका कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन समजावलं, “सर, नाव नाय तर निधी नाय.” मग निधी नाही तर नाही, वर्गणी काढू, असं ठरलं.

आता नावं. मला वाटलं होतं हे आठवड्याचं काम. माझ्या मदतीला एक निवृत्त सुभेदार होते, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सावध केलं. “सर, फौजेत कागदाबिगर माणूस मरत बी न्हाई. आधी कागद.” त्यांच्या सांगण्यावरून साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथे समजलं की गावात ज्याला आपण ‘मिलिटरी’ म्हणतो ती एक नाही. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. आमचा १९७१ चा जवान मराठा लाइट इन्फंट्रीचा, त्याचे कागद बेळगावला. श्रीलंकेवाला महार रेजिमेंटचा, ते मध्य प्रदेशात सागरला. कारगिलचा तोफखान्यातला, त्याचं ऑफिस नाशिक रोडला. राजस्थानात गेलेला बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलातला, तो खडकीला. आणि पाचवा सीआरपीएफचा, केंद्रीय राखीव पोलीस दलाचा, म्हणजे संरक्षण खात्याचा नव्हेच, गृह खात्याचा. पाच माणसांसाठी पाच ठिकाणी पाच अर्ज. प्रत्येक अर्जात एकच पहिला रकाना : जवानाचा नोकरीतला नंबर.

चार घरांत नंबर मिळाला. पेन्शनच्या पुस्तकावर असतोच. जाफन्याच्या घरात कागदच नव्हता. वहिनी वर्षभरात माहेरी गेल्या, त्यांच्याबरोबर कागद गेले, पुढे त्याही वारल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची नावं आहेत, आणि ती संकेतस्थळावर शोधता येतात. शाळेच्या संगणकावर शोधलं तर त्याच नावाचे तिघे निघाले. यातला आपला कोणता?

तेव्हा धाकट्या भावाला आठवलं, “दादाची ट्रंक हाय की.” माळ्यावर होती. पत्र्याची काळी ट्रंक, आत कांद्याचं बी. तिला मधल्या काळात कुणीतरी निळा ऑइल पेंट फासला होता, त्यावर पुन्हा हिरवा. पण फौजी माणूस ट्रंकेच्या झाकणावर नंबर, नाव, पलटण घालतोच, हे नानांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. मग माझं काम सुरू झालं. रॉकेल, जुनी बनियन, दाढीचं पातं. रंग नुसता खरवडला असता तर खालची अक्षरंही निघून आली असती. म्हणून बोटभर जागा भिजवायची, थांबायचं, पुसायचं. दोन रविवार गेले. घरातली मंडळी सुरुवातीला भोवती उभी होती, नंतर कंटाळून आपापल्या कामाला लागली. भाऊ मात्र समोर उकिडवे बसून होते. हिरवा गेला, निळा गेला आणि त्याच्या खालून पांढरी अक्षरं वर यायला लागली. रंगवणाऱ्याचा हात चांगला होता. पलटणीतला पेंटर असणार, साच्याने नव्हे, ब्रशने काढलेली होती. शेवटून दुसरा आकडा ३ की ८, हे काही केल्या ठरेना. डावीकडचा भाग गंजाने खाल्ला होता. सागरला अर्ज केला त्यात दोन्ही नंबर लिहिले.

ट्रंक आली तेव्हा आत काय होतं, असं मी विचारलं. गणवेश, एक कांबळं, घड्याळ, आईला लिहिलेलं अर्धं आंतरदेशीय. देह आला नाही. आज तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते, त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की पूर्वी तसं नव्हतं हे विसरायला होतं. ही रीत कारगिलपासूनची. त्याआधी रणभूमीजवळच अंत्यसंस्कार व्हायचे आणि घरी तार यायची. १९७१ च्या घरात हेच, १९८७ च्या घरात हेच. ज्याची अंत्ययात्रा गावाने पाहिली नाही त्याचं मरण गावाच्या आठवणीत बसत नाही, हे मला माझ्या स्वतःच्या शेंगांच्या टोपलीपाशीच कळलं होतं.

कारगिलचं तसं नाही. जुलै १९९९ मध्ये मी नोकरीला लागून एकच वर्ष झालं होतं. पुण्याहून गाडी निघाल्याचा फोन आला आणि रातोरात कमान करायची ठरली. ‘अमर रहे’ मी पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलं, पावसाळी हवेत ते वाळेना, सकाळी अक्षरांचे ओघळ कमानीभर पसरले होते. वाटेवरच्या चौदा गावांनी गाडी थांबवून फुलं वाहिली. त्याला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. त्या घरच्या वीरपत्नींकडे कागद मागायला गेलो, तर त्यांनी कागद लगेच दिले आणि स्पष्टच सांगितलं, “दरसाल सव्वीस जुलैला बोलवत्यात, शाल-नारळ देत्यात. घरात चाळीसभर शाली झाल्या. दगड बसवा, पर मला स्टेजवर बसवू नका. सावलीत एक खुर्ची द्या.” हे मी वहीत लिहून घेतलं.

रेकॉर्ड ऑफिसांची उत्तरं जानेवारी-फेब्रुवारीत आली. सगळ्यात शेवटी सागरचं, साडेतीन महिन्यांनी. आकडा ८ होता. नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, आणि श्रीलंकेतल्या त्या मोहिमेचं नाव, ‘ऑपरेशन पवन’. भावाने ते पत्र लॅमिनेट करून आणलं. शांतिसेना म्हणून गेलेलं आपलं सैन्य १९८७ ते १९९० तिथे लढलं, बाराशेच्या घरात माणसं गेली. महार रेजिमेंटच्याच आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथे पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. श्रीलंकेच्या सरकारने कोलंबोजवळ आपल्या जवानांचं स्मारक बांधलं आहे. मी हे सांगत होतो आणि भाऊ पत्राच्या प्लॅस्टिकवरून बोट फिरवत होते. “म्हंजी तिकडं बी लिवलंय, दिल्लीत बी लिवलंय. हितंच नव्हतं.” मी गप्प बसलो.

कागद आले म्हणून नाव ठरलं असं नाही. समजायला एक खोटं नाव घेतो. घरी दत्तू, शाळेच्या जनरल रजिस्टरात दत्तात्रय, फौजेत भरती करणाऱ्या कारकुनाने इंग्रजीत लिहिलेलं आणि तिथून पुन्हा मराठीत आणलेलं दट्टात्रे. आडनावाचंही तेच. दोन घरांत हा घोळ होता. नाना म्हणाले, कागद म्हणेल ते. मी म्हणालो, आई ज्या नावाने हाक मारत होती ते. शेवटी शाळेचा दाखला धरला. तिथे वडिलांनी स्वतः जाऊन सांगितलेलं नाव असतं.

मार्चच्या मध्यावर लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनपर्यंत सगळं ठप्प. दगडाचा आणि निवडणुकीचा काय संबंध, असं वाटेल, पण सरकारी जागेत काहीही उभं करायचं म्हटलं की ग्रामपंचायतीत कुणी सहीला हात लावत नाही. तेवढ्या काळात आम्ही भांडून घेतलं.

भांडण राजस्थानवाल्यावरून झालं. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर सगळं सैन्य सीमेवर नेऊन उभं केलं, दहा महिने. ऑपरेशन पराक्रम. सीमेलगत मैलोन् मैल सुरुंग पेरले. आमचा सॅपर ते पेरताना २००२ च्या सुरुवातीला गेला. पंचायतीतल्या बैठकीत एकाने मुद्दा काढला, की युद्ध झालंच नाही तर शहीद कसला, हा अपघात म्हणायचा. तो माणूस वाईट नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण जवानाची बायको मागच्या रांगेत बसली होती. अंगणवाडीत सेविका आहे. ती उठली आणि म्हणाली, “युद्ध न्हाई झालं, हे त्या सुरुंगाला कुणी सांगितलं हुतं का?”

कुणी काही बोललं नाही. मग नानांनी खडकीचं पत्र वाचून दाखवलं. त्यात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ असे शब्द होते. सीमेजवळ लढाईच्या तयारीचे सुरुंग पेरताना झालेला स्फोट पेन्शनच्या नियमांतही लढाईतल्या मरणाच्या रांगेतच धरतात. पत्रामुळे वाद मिटला. मला मात्र वाटतं तो तिच्या वाक्यालाच मिटला होता, पत्र फक्त नोंदवहीत लावायला उपयोगी पडलं.

दुसरी अडचण नानांनीच काढली आणि ती मला अपेक्षित नव्हती. सीआरपीएफचा जवान २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दंतेवाड्यात एका सकाळी ७६ जण मारले गेले होते, ते साल. नानांचं म्हणणं असं : तो पोरगा वाघच, पण ते सैन्य नव्हे, दिल्लीतसुद्धा त्यांचं स्मारक निराळं आहे. खरं आहे. चाणक्यपुरीत पोलिसांचं राष्ट्रीय स्मारक आहे, सैन्याचं इंडिया गेटपाशी. मी म्हणालो, “नाना, दिल्लीत जागा आहे म्हणून दोन झाली. आपल्या शाळेपुढं चौक एकच आहे.” ते हसले, पण अट घातली : मग मथळ्यात ‘सैनिक’ शब्द नको.

मथळा हीच मोठी डोकेदुखी झाली. ‘शहीद’ म्हणावं, तर सरकारी कागदात त्या शब्दाची व्याख्याच नाही, कुठल्याच रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रात तो नव्हता. शिवाय निम्मं गाव ‘शहिद’ असं ऱ्हस्व लिहितं, त्यावर मला आयुष्यभर दुरुस्ती करत बसावं लागलं असतं. ‘हुतात्मा’ म्हटलं की आमच्याकडे लोकांना बेचाळीसची चळवळ आठवते. ‘धारातीर्थी पडले’ हा मला आवडणारा शब्द, पण सुरुंगाला कसली आलीय धार. तीन बैठका झाल्या. एके संध्याकाळी चावडीपाशी उभा असताना त्या जुन्या संगमरवरी पाटीची पहिली ओळ पुन्हा वाचली आणि तीच घेतली. ‘या गावातून गेलेले’. खाली प्रत्येकाच्या ओळीत नंबर, नाव, ठिकाण. एवढंच. गावाला ते पटायला आणखी एक बैठक लागली, कारण त्यात वजन नाही असं तरुणांचं मत पडलं. कारगिलच्या वीरपत्नी तेवढ्या म्हणाल्या, बरोबर लिहिलंय.

चित्र घालायचं की नाही यावर वेळ गेला तो वेगळाच. सिंहमुद्रा कायद्याने अशी कुठेही लावता येत नाही. मग उलटी रायफल आणि तिच्यावर हेल्मेट. मी काढून नेलं तर नानांनी विचारलं, “ही कंची? एकाहत्तरवाल्याकडं आन् जाफन्याला एसएलआर. कारगिलला इन्सास. सॅपरच्या हातात त्या वक्ताला रायफल नव्हतीच, सुरुंग हुता.” चित्र रद्द.

दगड काळा पाषाण घ्यायचा, यावर मी अडून बसलो. दुकानात चकचकीत ग्रॅनाइटवर रबराचा साचा चिकटवून वाळूच्या फवाऱ्याने दोन तासांत अक्षरं पाडून मिळतात. ती उथळ असतात, रंग भरल्याशिवाय दिसत नाहीत आणि चार पावसाळ्यांत रंग जातो. पाटे-वरवंटे आणि देवळाच्या पायऱ्या घडवणारे एक पाथरवट शेजारच्या गावात आहेत. ते म्हणाले, अक्षरं मी कोरीन, पण मला वाचता येत नाही, तुम्ही जशी काढाल तशीच येतील. एखादी चूक त्यांच्या लक्षात येण्याची सोयच नव्हती. मी सगळा मजकूर मूळ मापात कागदावर काढला, दीड इंची अक्षर, पाचही नावं एकाच मापाची, क्रम हुद्द्याने नाही, तारखेने. मग तो कागद पाचही घरी नेला आणि प्रत्येकाकडून आपापल्या ओळीखाली सही घेतली. एका आईने अंगठा दिला आणि नातवाला तीनदा वाचायला लावलं. हे एक काम मी योग्य केलं असं मला वाटतं. कागद गिरवून दगडावर घेतला. पाथरवटांना त्यातलं सगळ्यात अवघड गेलं ते अनुस्वाराचं टिंब. छिन्नीचा घाव जरा जास्त बसला की कपची उडते. प्रत्येक टिंबाच्या आधी ते हात झटकून घ्यायचे. कोरायला नऊ दिवस लागले. पाचवी ओळ झाल्यावर खाली दीड हात दगड कोरा राहिला. तो कापून काढू का, असं त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, “राहू दे.”

एकूण खर्च ५८ हजार झाला. त्यातले २१ हजार मुंबईकरांनी पाठवले, उरलेले गावातून, दहा रुपयांपासून. सगळा हिशेब शाळेच्या फळ्यावर लावला, कारण गावात दगडापेक्षा हिशेब जास्त वाचला जातो.

दिवस कोणता? पंधरा ऑगस्टला पाऊस आणि लेझीम. सव्वीस जुलै कारगिलचा, तो इतर चौघांचा होत नाही. म्हणून सात डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. मध्ये विधानसभेची आचारसंहिताही येऊन गेली. ७ डिसेंबर २०२४, शनिवार, सकाळची शाळा.

शिळेवर नाव नाही म्हटल्यावर एका पुढाऱ्याच्या माणसांनी आदल्या रात्री चौकात फ्लेक्स लावला, शिळेपेक्षा दुप्पट मोठा. सकाळी तो नव्हता. कुणी काढला, मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही. वीरपत्नींसाठी लिंबाखाली खुर्ची ठेवली होती, शाल कुणी आणली नाही. पडदा ओढायला कुणी पाहुणा नव्हता. पाच घरांतल्या पाच माणसांनी मिळून ओढला. १९७१ चं घर मुंबईला गेलेलं, त्यांचा नातू पहाटेच्या एसटीने आला होता. तो गावात पहिल्यांदाच येत होता, त्याला चौक विचारत यावं लागलं. बिगूल वाजवणारा मिळाला नाही, म्हणून एनसीसीच्या पोराने मोबाइलवरून स्पीकरला ‘लास्ट पोस्ट’ ही मानवंदनेची धून लावली. आधी मसाल्याची जाहिरात लागली. सावधानमध्ये उभ्या असलेल्या नानांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. मग बिगूल वाजला, दोन मिनिटं शांतता. त्या शांततेत दूध डेअरीचं मशीन ऐकू येत होतं.

सगळे पांगल्यावर भाऊ दगडाजवळ आले. दुसरी ओळ बोटाने चाचपली, ८ च्या आकड्यावर थांबले. “ह्योच तो,” म्हणाले आणि म्हशीचं दूध काढायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

सोमवारी सहावीची पोरं तासाला येता येता दगड वाचत होती. वर्गात बसल्यावर एकाने विचारलं, “सर, जाफना कंच्या तालुक्यात?” बाकीची हसली, तर त्यांना मी विचारलं, मग तुम्ही सांगा. कुणालाच येईना. भूगोलाच्या बाईंकडून भारताचा नकाशा आणला आणि फळ्यावर टांगला. आमच्या नकाशात श्रीलंका अगदी तळाला आहे, निम्मी खालच्या लाकडी दांडीत गुंडाळली गेली आहे. दांडी सोडवली. बेट उलगडलं, पण त्यावर जाफना छापलेलंच नव्हतं. वरच्या टोकाला, समुद्राच्या कडेला, बॉलपेनने एक टिंब काढलं आणि शेजारी नाव लिहिलं.